ग्रॅटिट्यूड हा शब्द कसा वापरायचा: कोणाला आणि कशाबद्दल

ग्रॅटिट्यूड हा शब्द आता सगळीकडे दिसतो. नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या मेलमध्ये, योगा क्लासच्या भिंतीवर, मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये, लिंक्डइनवर तर रोजच, आणि सोसायटीच्या ग्रुपवर गणपती विसर्जन झालं की कोणीतरी टाकतंच, "ग्रॅटिट्यूड टू ऑल". अर्थ साधारण सगळ्यांना माहिती असतो, आभार वगैरे. पण तो वाक्यात बसवायची वेळ आली की अडतं, टू लावू की टुवर्ड्स, शेवटी एस येतो का, थँकफुल म्हणू की ग्रेटफुल, आणि मग माणूस सगळं खोडून परत "थँक यू व्हेरी मच"वर येतो. बिल्डिंगमधले आणि ऑफिसमधले बरेच जण अशी पत्रं आणि मेल माझ्याकडे तपासायला देतात, प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

मुख्य गोष्ट आधी सांगते. थँक यू आपण म्हणतो आणि पुढे जातो, ग्रॅटिट्यूड मात्र मनात असते आणि राहते, ती आपण बोलून किंवा वागून दाखवतो. मराठीत आभार आणि कृतज्ञता यांच्यात जो फरक आहे तोच. आणि हा शब्द घेतला की समोरच्याला दोन गोष्टी कळायला हव्यात, कोणाबद्दल कृतज्ञता आणि कशासाठी. या दोन जागा भरल्या की वाक्य बरोबर उभं राहतं, नाही भरल्या तर पुढे कितीही भारी विशेषणं लावा, ते शुभेच्छापत्रावर छापून आल्यासारखंच वाटतं.

उच्चार पटकन बघू. ग्रॅटिट्यूड, जोर पहिल्या ग्रॅवर, बॅट मॅटमधला ॲ. अमेरिकन लोक ग्रॅटिटूड म्हणतात, ब्रिटिश ग्रॅटिट्यूड किंवा ग्रॅटिच्यूड, आपण ट्यूड म्हटलं तरी अगदी बरोबर. पण विशेषण झालं की आवाज बदलतो, तिथे ग्रे येतो, ग्रेटफुल. आणि इथेच स्पेलिंगचा घोळ होतो, कारण ऐकायला ते ग्रेट म्हणजे महान सारखं येतं म्हणून लोक जी आर ई ए टी लिहितात. बरोबर आहे जी आर ए टी ई. ज्या मूळ लॅटिन शब्दापासून हा आला तो ग्राटुस, त्याचा अर्थ आवडलेला, सुखावणारा आणि कृतज्ञ असाही, त्याचा ग्रेटशी काही संबंध नाही.

त्या ग्राटुसची पोरंबाळं आपण रोज वापरतो बरं का. ग्रॅच्युइटी बघा. नोकरदार माणसाला हा शब्द वेगळा समजवायला लागत नाही, १९७२ च्या कायद्याने नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने ती ठरवली आणि मुंबईत कितीतरी गिरणी कामगारांच्या, कारकुनांच्या घरी रिटायरमेंटनंतरची सगळी गणितं त्या आकड्यावर बसली. शब्दाच्या मुळाशी भाव हाच, केलेल्या सेवेची जाण ठेवून दिलेले पैसे. बाहेरच्या देशात हॉटेलच्या बिलावर ग्रॅच्युइटी लिहिलेलं दिसलं तर ती टिप असते. ग्रॅटिस म्हणजे फुकट तेही यातलंच, काँग्रॅच्युलेशन्ससुद्धा. थँक हा मात्र वेगळ्या घराण्यातला, जुन्या इंग्रजीतला, आणि तो थिंकचा नातलग आहे.

आता व्याकरण. ग्रॅटिट्यूड हे नाम आणि ते मोजता येत नाही, त्यामुळे ग्रॅटिट्यूड्स नाही, मेनी ग्रॅटिट्यूड नाही, नुसतं अ ग्रॅटिट्यूडही नाही. जास्त दाखवायची असेल तर डीप ग्रॅटिट्यूड, सिन्सियर ग्रॅटिट्यूड, हार्टफेल्ट ग्रॅटिट्यूड. क्रियापद म्हणून एक्सप्रेस, शो, फील हे तिघे पुरतात. गिव्ह ग्रॅटिट्यूड असं लोक लिहितात, आपण धन्यवाद देतो म्हणून ते डोक्यात येतं, पण इंग्रजीत गिव्ह थँक्स चालतं, ग्रॅटिट्यूड एक्सप्रेसच करा. उलट अर्थाला नामाला इन लागतं, इनग्रॅटिट्यूड म्हणजे कृतघ्नपणा, पण विशेषणाला अन लागतं, अनग्रेटफुल. आणि कृतघ्न माणूस म्हणजे इनग्रेट, हा शब्द चांगलाच लागणारा आहे, भांडणातसुद्धा जपून.

जोडशब्दांचं एकच लक्षात ठेवा, माणसाला टू आणि कामाला फॉर. "आय ॲम ग्रेटफुल टू माय मामा फॉर पेइंग माय कॉलेज फीज." नामाला टू किंवा टुवर्ड्स दोन्ही चालतं, "माय ग्रॅटिट्यूड टुवर्ड्स माय टीचर्स". फॉरच्या पुढे क्रियापद आलं तर आयएनजी हवंच, फॉर हेल्पिंग मी, फॉर हेल्प मी असं नाही. ही एक गोष्ट सुधारली तरी आपल्याकडचे निम्मे थँक यू मेल सुधारतील असं मला खरंच वाटतं.

एक पत्र दाखवते म्हणजे नीट कळेल. आमच्याच इथल्या एका काकूंचे मिस्टर बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होते, बरे होऊन घरी आले, आणि काकूंना वॉर्डमधल्या सिस्टरना पत्र द्यायचं होतं. बऱ्याच सिस्टर केरळच्या म्हणून इंग्रजीत. भाच्याने लिहून दिलेलं होतं, "आय वाँट टू गिव्ह माय मेनी मेनी ग्रॅटिट्यूड्स टू ऑल द स्टाफ अँड डॉक्टर्स ऑफ युअर एस्टीम्ड हॉस्पिटल." भावना शंभर टक्के खरी, पण वाचणाऱ्या सिस्टरला त्यात स्वतः कुठेच दिसणार नाही. मी काकूंना विचारलं, त्यांनी नक्की काय केलं ते सांगा ना. काकू म्हणाल्या, "अगं, यांची कूस बदलायची असायची ना, तर दर वेळी आधी सांगायच्या, अंकल आता वळवतोय हं, रात्री तीन वाजता पण. आणि मला स्टुलावर बसलेली बघून एकीने कुठून तरी खुर्ची आणून दिली." बस, पत्र तिथेच तयार झालं.

"डिअर सिस्टर्स, आय ॲम डीपली ग्रेटफुल टू ऑल ऑफ यू फॉर द वे यू लुक्ड आफ्टर माय हजबंड. एव्हरी टाइम यू टर्न्ड हिम, यू टोल्ड हिम फर्स्ट, इव्हन ॲट थ्री इन द मॉर्निंग. वन ऑफ यू फाउंड मी अ चेअर. वुई विल नॉट फर्गेट इट."

यात ग्रॅटिट्यूड शब्द आलेलाच नाही, ग्रेटफुल आलाय, आणि ते बरोबर आहे. माणूस माणसाला लिहितो तेव्हा विशेषण जास्त जवळचं वाटतं, आय ॲम ग्रेटफुल. नाम घेतलं की वाक्याला जरा सभेचा सूर येतो, "आय वुड लाइक टू एक्सप्रेस माय ग्रॅटिट्यूड टू", तो भाषणात, संस्थेच्या पत्रात, पुस्तकाच्या सुरुवातीला शोभतो. शेजारच्या ताईने तुमच्या पोराला शाळेतून आणलं म्हणून तिला एक्सप्रेस माय ग्रॅटिट्यूड पाठवाल तर ती बिचारी विचार करत बसेल की काय झालं. तिथे "थँक यू सो मच, ताई, यू सेव्ह्ड मी टुडे" एवढं भरपूर.

थँकफुल आणि ग्रेटफुल, यावर तर नेहमी विचारणा असते. रोजच्या बोलण्यात दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात, कोणी चूक काढणार नाही. पण कान तयार असेल तर एक छटा ऐकू येते. थँकफुलमध्ये सुटकेचा भाव असतो, वाईट झालं नाही, नशीब. ग्रेटफुलमध्ये समोर कोणीतरी असतं ज्याने काही केलं. २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाली, आणि वाटेतल्या लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा दिला, बिस्किटाचे पुडे दिले, मुलींना रात्रभर थांबवून घेतलं. त्या रात्रीबद्दल सांगताना "आय ॲम थँकफुल दॅट वुई ऑल रीच्ड होम सेफ" म्हणायचं, कारण घरी पोचलो ही सुटका. आणि "आय ॲम ग्रेटफुल टू द फॅमिली हू टुक अस इन" म्हणायचं, कारण तिथे दार उघडणारी माणसं आहेत. त्यांची नावं कितीतरी जणांना अजून माहिती नाहीत, तरी वाक्यात टूच्या पुढे त्यांना जागा आहे.

ग्रेटफुलचा दुसरा एक मोठा उपयोग आभाराचा नाहीच, विनंतीचा आहे. "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड इश्यू द एनओसी बाय फ्रायडे." सोसायटी, बँक, कॉलेज, कुठेही चालणारं, सभ्य आणि तरी ठाम वाक्य. वुड आणि कुड अशी जोडी ठेवायची, इफ यू विल असं नको. आपल्याकडे या जागी "काइंडली डू द नीडफुल" लिहायची सवय आहे, इथल्या ऑफिसात ते कळतं, पण बाहेरच्या क्लायंटला त्यातून नक्की काय करायचं ते समजत नाही, त्यापेक्षा काय हवं ते आणि कधीपर्यंत हवं ते स्पष्ट सांगणारं हे वाक्य कधीही चांगलं. थँक्स इन ॲडव्हान्स मला स्वतःला आवडत नाही, समोरच्याने हो म्हणायच्या आधीच आपण काम झालं असं धरून चालतो. आणि शेवटी सहीच्या वर "विथ ग्रॅटिट्यूड" लिहायचं तर खरंच कोणी काही केलेलं असेल तेव्हाच लिहा. दोन दिवसांच्या रजेच्या अर्जाला "थँक यू" पुरतं.

अप्रिशिएट पण इथेच घेऊ. त्यात कदर आहे, केलेल्या कामाची किंमत मला कळते असं. विनंतीत वापरताना मधला इट गळतो तेवढा सांभाळा, "आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड कॉल मी". आणि ओब्लाइज्ड जपून वापरायचा शब्द आहे. "मच ओब्लाइज्ड" म्हणजे उपकार झाले, ठीक. पण ओब्लाइज्ड टूच्या पुढे क्रियापद आलं की अर्थच फिरतो, "आय ॲम ओब्लाइज्ड टू पे" म्हणजे मला पैसे भरणं भाग आहे. आभाराच्या पत्रात असं वाक्य गेलं तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही नाइलाजाने लिहिताय.

थँक्स टूचं पण तसंच. "थँक्स टू माय आई, आय फिनिश्ड माय डिग्री", आईमुळे झालं, छान. पण "थँक्स टू द मेगाब्लॉक, आय वॉज टू आवर्स लेट" हेही तितकंच बरोबर इंग्रजी आहे. आपण नाही का म्हणत, मेगाब्लॉकच्या कृपेने दोन तास उशीर झाला, अगदी तसंच. आणि देवाला मात्र थँक गॉड, थँक्स गॉड नाही.

आता आभारप्रदर्शन. मुंबईत सोसायटीची एजीएम असो, ऑफिसचं फंक्शन असो की शाळेचं गॅदरिंग, हे कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात पडतंच आणि हल्ली ते इंग्रजीत करा म्हणतात. नाव व्होट ऑफ थँक्स, आणि ते प्रपोज करतात, "आय हॅव द ऑनर ऑफ प्रपोजिंग द व्होट ऑफ थँक्स." मराठीत आपलं ठरलेलं वाक्य आहे, मी त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणात राहणं पसंत करेन. हे मला फार आवडतं, कितीही वेळा ऐकलं तरी, कारण त्यात फेडून मोकळं व्हायची घाई नाही. बऱ्याच जणांना वाटतं हे इंग्रजीत होणारच नाही. होतं की! "थँक्स आर नॉट इनफ. वुई रिमेन इन देअर डेट." किंवा "वुई ओ देम अ डेट ऑफ ग्रॅटिट्यूड." हा डेट कर्जाचा, स्पेलिंगमध्ये बी आहे पण उच्चारात नाही, आणि ए आखूड ठेवायचा, लांबवला तर तारीख होईल. तुमच्या ऋणातून उतराई होऊ शकत नाही हे सांगायचं असेल तर "आय कॅन नेव्हर रीपे युअर काइंडनेस". ऋणी साठी इन्डेटेड, "आय ॲम इन्डेटेड टू माय गुरुजी", इथेही बी गप्पच.

यादी वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येकाच्या नावापुढे त्याने केलेली एक गोष्ट जोडा. सेक्रेटरींचे आभार सगळेच मानतात. पण "वुई आर ग्रेटफुल टू आवर वॉचमन काका, हू स्टेड ऑन ड्युटी ऑल नाइट व्हेन द पंप रूम फ्लडेड" असं म्हटलं की ते काका दाराशी उभे असले तरी सगळं सभागृह मागे वळून बघतं. त्यांना इंग्रजी येत नसेल तर तेवढं वाक्य परत मराठीत सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

घरच्या माणसांचं जरा वेगळं आहे. आपल्याकडे आईला, मोठ्या भावाला थँक यू म्हटलं की त्यांना परकं वाटतं, आई लगेच म्हणते, "घरच्यांना कसलं रे थँक्यू?" म्हणून जी मुलं इंग्रजीत शिकतात आणि भाषणात किंवा प्रोजेक्ट रिपोर्टच्या सुरुवातीला आईबाबांचा उल्लेख करतात त्यांना मी सांगते की आय थँक माय पेरेंट्स लिहून थांबू नका. "माय फादर लेफ्ट होम बाय द फाइव्ह ट्वेंटी लोकल सो दॅट आय कुड स्टडी इन द वन रूम वुई हॅव" असं एक खरं वाक्य लिहा, त्यात थँक नाही, ग्रॅटिट्यूड नाही, तरी आहे सगळं. इंग्रजीत याला शोइंग ग्रॅटिट्यूड म्हणतात.

शाळेच्या निबंधाला सणांची उदाहरणं द्यायची असतील तर आपल्याकडे भरपूर आहेत, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत जायची गरज नाही. तो तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. आपल्याकडे बैलांसाठी पोळा, हत्यारांसाठी खंडेनवमी, आणि मुंबईतच वरळीला वगैरे कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा. "ऑन नारळी पौर्णिमा, द कोळीज ऑफर अ कोकोनट टू द सी इन ग्रॅटिट्यूड अँड प्रेयर." हे इन ग्रॅटिट्यूड म्हणजे कृतज्ञतेने. आउट ऑफ ग्रॅटिट्यूड पण येतं, कृतज्ञतेपोटी, "शी टीचेस इन हर ओल्ड स्कूल आउट ऑफ ग्रॅटिट्यूड". आणि छोटी भेट देताना अ स्मॉल टोकन ऑफ आवर ग्रॅटिट्यूड, शाल श्रीफळ देताना हेच म्हणा.

ग्रॅटिट्यूड जर्नल म्हणजे रोज किंवा आठवड्याला वहीत लिहायचं की मी कशाबद्दल कृतज्ञ आहे. हे नुसतं फॅड नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककला या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात एका गटाने १० आठवडे, दर आठवड्याला पाचपर्यंत अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, आणि पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकूण जास्त बरं वाटलं. इंग्रजी सुधारायलाही ही वही उत्तम, दिवसाला दोन वाक्यं होतात. फक्त रोज आय ॲम ग्रेटफुल फॉर माय फॅमिली लिहाल तर आठवड्यात कंटाळा येईल. त्या दिवशीचं लिहा, माणूस आणि काम दोन्ही. "आय ॲम ग्रेटफुल टू द लेडी हू मूव्ह्ड इन ॲट कुर्ला अँड गेव्ह मी द फोर्थ सीट." लोकलमध्ये तिघांच्या बाकावर सरकून दिलेल्या चौथ्या सीटची किंमत मुंबईकराला सांगायला नको.

शेवटी उलट बाजू, कोणी आपल्याला ग्रॅटिट्यूड दाखवली तर काय म्हणायचं. मेन्शन नॉट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं, पण इंग्रजीत ते डोंट मेन्शन इट असं असतं. यू आर वेलकम कुठेही चालतं. मित्रांत नो वरीज, एनी टाइम. मोठ्या माणसाने किंवा साहेबांनी आभार मानले तर इट वॉज माय प्लेजर. आणि कोणी खरंच भरल्या गळ्याने बोलत असेल, जसे काकूंना सिस्टर भेटल्या तेव्हा काकू बोलत होत्या, तर "अरे त्यात काय, काहीच नाही" म्हणून झटकून टाकू नका. "थँक यू फॉर टेलिंग मी, इट मीन्स अ लॉट" म्हणा, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत थांबा.